पद्माबाईचा फॉर्म

रत्नपाल आठ वर्षांपासून जर्मनीत होता. कासेल नावाच्या शहरातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं हे त्याचं काम. दर महिन्याला तो पुसेगावला आईवडिलांना पैसे पाठवायचा. परदेशातल्या गरजू आईबापांना पोसणाऱ्याला तिथल्या आयकरात सूट मिळते, हे त्याला फार उशिरा कळलं. त्यासाठी दोघांचे वेगळे फॉर्म भरायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि गावाकडच्या अधिकाऱ्याचा शिक्का आणायचा. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची रजा घेऊन तो आला, तेव्हा ते कागद त्याच्या बॅगेत होते.

वडिलांचा, शेषरावांचा, फॉर्म सोपा होता. वय अडुसष्ट. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली. अंगठ्यासाठी रत्नपालनं शाईची डबी पुढे केली तर त्यांनी मान हलवली. गवंडीकाम करता करता प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकलेला माणूस. डाव्या हातात पेन धरून त्यांनी पाच मिनिटं लावली आणि नाव लिहिलं. अक्षरं रकान्याबाहेर गेली, पण लिहिलं.

अडचण आईच्या फॉर्मची होती. पद्माबाई सत्तावन्न वर्षांच्या. त्या वयाचं माणूस काम का करत नाही, याचं कारण तिथं द्यावं लागायचं. कासेलमधल्या एका ओळखीच्या मराठी माणसानं सुचवलं होतं, की आजारी नवऱ्याजवळ दिवसभर थांबावं लागतं असं लिहा. रत्नपालला ते खरंच वाटत होतं. आता खुरपायला जाऊ नकोस, असं त्यानं तीन वर्षांपूर्वीच आईला सांगितलं होतं आणि ती व्हय म्हणाली होती.

सही करायच्या आधी पद्माबाईंनी काय लिहिलंय ते विचारलं. त्यानं ओळ न् ओळ मराठीत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवला.

"दिवसभर न्हाई रे. मी कामाला जाते."

त्याला वाटलं, ती जुनं काहीतरी सांगतेय. मग हळूहळू सगळं कळलं. तो येणार म्हणून तिनं एवढ्या दिवसांपुरतंच काम सोडलं होतं. एरवी ती सकाळी शेषरावांचं सगळं आवरून हळदीच्या वावरात खुरपायला जायची. ती गेल्यावर शेजारची मदीनाबी आपलं शिवणकाम घेऊन येऊन बसायची, दुपारी त्यांना भरवायची, पाठीला उशी द्यायची.

पैसे कमी पडतात का, असं त्यानं विचारलं. पुरतात, ती म्हणाली.

"मग काहून जातीस, माय?"

शेषराव ऐकत होते. पद्माबाई उठून अंगणात गेल्या, तोही मागे गेला.

"तुझ्या बाबाची वाचा गेली अन् घर मुकं झालं," त्या म्हणाल्या. "तू रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस मी कोणाशी बोलू? वावरात बायका बोलतात, हसतात, भांडतात. मी तेवढ्यासाठी जाते."

रत्नपालला कासेल आठवलं. वृद्धाश्रमात रविवारी भेटून जाणाऱ्या लेकरांच्या नावांची नोंद तोच करायचा. त्यांच्याबद्दल आपलं काय मत होतं, तेही त्याला आठवलं.

खरं लिहिलं तर तिच्या नावाची सूट जाईल, हे त्यानं तिला समजावून सांगितलं.

"तिकडं कोण वाचणार ते मला माहीत न्हाई," पद्माबाई म्हणाल्या. "पण खाली नाव माझं राहील. मी कामाला जाते, असंच लिही."

त्यानं आधीचं खोडलं आणि तसं लिहिलं. सेनगावच्या तहसीलमध्ये भावसिंग नावाच्या कारकुनानं कागद पाहिले. गृहिणी लिहा, सगळे तेच लिहितात, असं त्यानं आपुलकीनंच सांगितलं. राहू द्या, रत्नपाल म्हणाला. शिक्का मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानंच आईला कामावर पाठवलं आणि स्वतः घरी थांबला. परक्या मुलखात शेकडो म्हाताऱ्यांना त्यानं आंघोळ घातली होती. वडिलांना घालायची ही पहिलीच वेळ. हात सराईत होते, तरी पाणी दोनदा सांडलं. शेषरावांनी डोळे मिटून घेतले आणि डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं. पाठ धुऊन झाली तरी सोडलं नाही.

उरलेल्या दिवसांत त्यानं आईला आणि मदीनाबीला आजाऱ्याला उठवून बसवायची रीत शिकवली. आपल्या कंबरेवर भार न घेता, कुठं धरायचं, कधी थांबायचं. मदीनाबीनं चारदा करून पाहिलं आणि म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर माझी तकलीफ वाचली असती, बेटा."

डिसेंबरात जर्मनीतल्या आयकर कार्यालयाचं पत्र आलं. वडिलांची सूट मंजूर झाली होती, आईची नाही. रत्नपालनं त्याच दिवशी, बुधवारी, घरी फोन लावला.

"माझ्याबद्दल काय लिहिलं?" पद्माबाईंनी विचारलं.

"तू स्वतः कमावतीस, म्हणून सूट देता येत न्हाई, असं लिहिलंय."



"पुन्हा एकदा वाच," त्या म्हणाल्या. "थांब, फोन बाबाच्या कानाला लावते."