खांद्यावरून नेलेला कोड

यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या टपरीवाल्या बू पाइनेम मागे कढईत केळी तळतायत, त्या चरचराटात त्यांना काही ऐकू जायचं नाही, तोवर सांगून टाकतो. कारण त्याही या गोष्टीत आहेत.

माझी पुतणी वेनिंग तुमच्या ओळखीची. मी तिचा मोठा काका, म्हणून मला पाकदे म्हणते. कोळंबीचे क्रुपुक करते, तेलात पडले की ताटाएवढे फुलतात ते. तिच्या दुकानाची वेबसाइट मीच लिहिलेली, नोकरीत होतो तेव्हा. सगळं एकाच फाइलमध्ये. दुकान, गोदाम, हिशेब, माल पाठवणं, एका खोलीत अख्खा संसार! कोड लिहायचा एडिटरही त्याच जमान्यातला. काळी पाटी, पांढरी अक्षरं, आणि चुकलं तरी तोंडातून शब्द नाही.

तर जुन्या सर्व्हरवाल्यांनी कळवलं, रविवारी सूर्य मावळला की मशीन बंद. लग्नांचा महिना तोंडावर आलेला. तोवर दुकान नव्या जागी हललं नाही तर वेनिंगची सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार. पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

रविवारी सकाळी तिने माझ्या लॅपटॉपवर नवा एडिटर टाकला. "पाकदे, त्या काळ्या पाटीला आता निरोप द्या."

"या वयात मला नवं काही शिकवू नकोस," मी म्हटलं.

"नुसती फाइल तर उघडा. नाही आवडलं तर काढून टाकते."

उघडली. काय सांगू तुम्हाला! माझाच कोड, पण बाटिकच्या नव्याकोऱ्या कापडासारखा रंगीत. आकडे केशरी, नावं निळी. उजव्या कडेला अख्ख्या फाइलचा चिमुकला नकाशा, विमानातून भातखाचरं दिसावीत तसा. अर्धा शब्द लिहावा, तर उरलेला तो असा पुढे करतो, जावयापुढे ताट सरकवावं तसा! आणि चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ. वर्षानुवर्षं माझ्या नाकाखाली दडून बसलेली एक चूक त्याने उघडताक्षणी पकडली.

"वेनिंग! अगं वेनिंग, इकडे ये! हा बोलतो माझ्याशी!"

"कळलं पाकदे. कॉफी सांडतेय तुमची."

सांडू दे! मी दिसेल ते बटण दाबत सुटलो. एक बटण असं, की दुसऱ्याला आपल्या फाइलमध्ये बोलावता येतं. म्हटलं, वेनिंगला बोलवावं, दोघं मिळून हलवू. तिला पाठवायची लिंक गेली गल्लीच्या ग्रुपवर. तिथे आपले गल्लीप्रमुख, गवंडी पाक साप्तोनो, यांनी नुकतंच विचारलेलं: "आजचं श्रमदान कुठे?" आणि त्याखाली माझी लिंक!

आता आपल्या गल्लीत श्रमदानाला जाताना काम कसलं म्हणून कुणी विचारतं का? झाडू उचलायचा आणि निघायचं.

पहिला आला हिरवा कर्सर, वर नाव लिहिलेलं, साप्तोनो. मागून पिवळा, जांभळा, गुलाबी. बघता बघता फाइलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या ओळीबाहेर चपलांचा हा ढीग!

"चपला?" समोर बसलेल्या रिक्षावाल्या गेंदोनला राहवलं नाही.

"मग काय, चपला घालून लोकांच्या फाइलमध्ये शिरतोस तू? ऐक."

साप्तोनोंनी एक नजर टाकली. "पाक वाकिदी, या काय ओळी! बैल मुतला तरी यापेक्षा सरळ मुतेल." भिंत बांधताना लावतात तशी दोरी लावून त्यांनी एकेक ओळ सुतात आणली. बू पाइनेम खाली वाकून रिकाम्या ओळी तणासारख्या उपटत होत्या. जुना निकामी कोड त्यांनी कोपऱ्यात झाडून गोळा केला आणि दिली काडी लावून. लॅपटॉपच्या पंख्यातून धूर आला, शपथ!

"कुणाची शपथ?" गेंदोन.

"तुझी."

दुपारपर्यंत दुकान हललं, गोदाम हललं, माल पाठवणंही हललं. हिशेब मात्र हलेना. एक ओळ उचलावी तर बाकीच्या बोंब मारतात, सगळीकडे लाल रेघाच रेघा. वेनिंग रडकुंडीला आली. "पाकदे, सूर्य बघा कुठे गेला!"

तेवढ्यात साप्तोनो ओरडले, "माझं लाकडी घर खांद्यावर उचलून नेलं होतं ना आपण सगळ्यांनी, न मोडता? तसंच न्यायचं. बांबू घाला खाली!"

झालं! प्रत्येकाने एकेक ओळ खांद्यावर घेतली. एक, दोन, तीन! हिशेब उठला. पण असा उठला, की त्याच्याबरोबर माझा लॅपटॉपही टेबलावरून वर. मी उडी मारून वायर धरली, वेनिंगने माझे पाय धरले.

"जरा डावीकडे!" "अहो, माझ्या पायावर ओळ पडली!" "गप रे, उचल!" असा गलका करत त्यांनी तो अख्खा हिशेब नव्या फाइलमध्ये नेऊन टेकवला. आतली भांडी जराशी खणखणली, तेवढंच. एकेक लाल रेघ विझत गेली.

आणि सूर्य मावळला, मशिदीचा नगारा वाजला. जुनं मशीन बंद.

सगळे कर्सर जागच्या जागी थिजले. नवं दुकान उघडलं की नाही, कुणास ठाऊक. वेनिंगने माझं मनगट असं आवळलं, की अजून वळ आहे. फोन गप्प. फोन गप्पच. आणि मग, टिंग! पहिली ऑर्डर! दोन किलो क्रुपुक! पोरगी अशी ओरडली, की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर चढल्या.

"कुणाची ऑर्डर?" गेंदोनने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

"अरे, दुसऱ्या कुणाची असणार? दिवसभर तण उपटून ज्यांना भूक लागली होती, त्या बू पाइनेमची!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कढईचा आवाज केव्हाच थांबलाय. बू पाइनेम केळ्यांची थाळी घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या.

"अहो पाक वाकिदी, थापा! माझा फोन बटणांचा, त्यावर कसली लिंक उघडतेय? आणि क्रुपुक हवे असले की मी भिंतीवरून वेनिंगला हाक मारते!"