मागची पांढरी गाडी

आठ वर्षांत केदारने तोक्योत एकही नियम मोडला नव्हता. तिथल्या नियमाप्रमाणे बाटलीचं झाकणसुद्धा तो वेगळ्या कचऱ्यात टाकायचा. बायको, सलोनी, त्याला ‘हेडमास्तर’ म्हणायची, आणि ते त्याला आवडायचं. अशा माणसाची अक्कल ऐनवेळी कुठे शेण खायला जाते, देव जाणे.

पुण्याहून आलेल्या बाबांना तो दवाखान्यात नेत होता. वाटेत ओजिमा भागात, गाडीतच, त्यांच्या छातीत जोराची कळ आली. केदारने एका कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, आवारात गाडी घातली आणि ११९ फिरवला. अँब्युलन्स आली. बाबांना जपानी येत नव्हतं, त्या पथकाला मराठी. “तुम्हीही आत बसा,” त्यांचा प्रमुख म्हणाला. केदारची नजर मात्र दुकानाच्या भिंतीवर गेली: गिऱ्हाइकांखेरीज कुणी गाडी ठेवू नये.

“मी गाडी घेऊन येतो. बाबांच्या फोनवर बोलत राहीन,” तो बोलून गेला. नाकापेक्षा मोती जड झाला तो असा. प्रमुखाने इस्पितळाचं नाव सांगितलं, आमच्यामागे लागू नका असंही बजावलं. बाबा स्ट्रेचरवरून त्याच्याकडे बघत राहिले आणि दार लागलं.

रस्ता तुंबलेला होता. डावीकडची लेन सकाळी फक्त बसची, म्हणून मोकळी. अँब्युलन्स भोंगा वाजवत तीत शिरली, आणि आपला हेडमास्तर तिच्या मागे चिकटून आत शिरला. पुण्यात सगळे हेच करतात.

डॅशबोर्डवरच्या फोनमधून पथकाचे प्रश्न येत होते. दुखणं कधीपासून? रक्त पातळ करायची गोळी घेतात? केदार विचारायचा, बाबा धापा टाकत सांगायचे, तो जपानीत पोहोचवायचा. मध्येच बाबा म्हणाले, “ही माणसं काय करतायत रे? मला काही कळत नाहीये. तू मागेच आहेस ना?”

“मागेच आहे, बाबा.”

तेवढ्यात अँब्युलन्सचा स्पीकर बोलला, “मागची पांढरी गाडी, कृपया मागे येऊ नका. धोका आहे.” पुढे सिग्नल लाल होता. अँब्युलन्स हळू झाली आणि सगळ्यांना थांबवून पार गेली. केदारनेही पाय दाबला. अँब्युलन्स गेली म्हणून एक बाई सायकल घेऊन रस्त्यात उतरली होती. त्याने कचकन ब्रेक मारला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर उरलं.

बाई सायकल ढकलत निघून गेली. अँब्युलन्स लांब जाऊन दिसेनाशी झाली. केदारला रडू फुटलं. गाडी त्या दुकानापाशीच टाकली असती तर फार तर उचलून नेली असती. बापाला एकटं धाडून त्याने पत्रा सांभाळला होता.

“केदार? आहेस ना रे?”

“आहे, बाबा. अगदी मागेच आहे.”



“मला मागची काच दिसतेय,” बाबा म्हणाले. “रस्ता रिकामा आहे.” मग दम घेऊन, “सिग्नल लागला असेल. थांब तू. सावकाश ये. फक्त बोलत राहा.”

हिरवा दिवा लागल्यावर केदार बसच्या लेनमधून बाहेर पडला, गर्दीत सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि बोलत राहिला.