राखेतलं रक्त

"रक्त! रक्त आलं बघा!"

सोनुनच्या दुकानापुढच्या अंगणात एकच गलका झाला. पुढचे मागे सरकले, मागचे पुढे घुसले, आणि मधल्यांचे पाय तुडवले गेले. उन्हाळ्यासाठी डोंगरातल्या कुरणावर जायला चार दिवस उरले होते. मेंढ्यांची कातरणी अर्धवट होती, तंबूंचे नमदे फाटलेले होते, तरी अख्खं कोक-जार गाव हातातली कामं टाकून करणी उतरवणाऱ्या शामिरबेक तबिबाभोवती उभं होतं.

तबीब धिप्पाड गडी होता. डोक्यावर उंच पांढरी टोपी, गळ्यात लांडग्याचा दात, आणि आवाज असा की डोंगरापलीकडची कुत्री भुंकावीत.

"मी काही करत नाही, बरं का!" तो म्हणत होता. "मी कोण? मी नुसता पाईप! पाणी वरून येतं, मी फक्त वाकतो!"

वाकण्याची रीत मात्र ठरलेली होती. प्रत्येकानं आपल्या चुलीतली गोवऱ्यांची राख आणायची. चूल म्हणजे घराचं काळीज, काळजात काय ते राख सांगते. ती पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, निवळ पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्यायचं. मग तबीब डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि इवल्याशा बाटलीतून 'सात झऱ्यांच्या पाण्याचे' तीन थेंब टाकायचा. वाडगा लालभडक! करणी! मग तो ऐरानावरची, म्हणजे आंबट पातळ दह्यावरची, निवळी मागवायचा. साप घरात शिरला तरी आपण दूध-ऐरानासारखं पांढरं शिंपडूनच त्याला वाटेला लावतो, तशीच करणीही पांढऱ्यानं निघते, असं त्याचं म्हणणं. निवळी ओतली की वाडग्यातला लाल रंग पळायचा, आणि एक कोकरू तबिबाच्या खुंट्याला बांधलं जायचं. दुपारपर्यंत खुंट्याला सात कोकरं झाली होती. सातही घरांत करणी निघाली होती, आणि ती करणारं एकही घर सापडलं नव्हतं.

या गर्दीत मागे, भिंतीला टेकून, सिर्गा उभी होती. सतरा वर्षांची, किडकिडीत, काखेत रसायनशास्त्राची वही. आजपासून नवव्या दिवशी नारीन शहरात तिची परीक्षा होती. पास झाली तर वैद्यकीय कॉलेज, नाही तर मेंढ्या. ती आली होती आत्याच्या हट्टापायी; वडील वारल्यापासून ती आत्याकडेच राहत होती.

काल्बूबू आत्याची पाळी आली. राख गाळली गेली, थेंब पडले, वाडगा लाल झाला. तबिबानं कपाळाला आठ्या घातल्या.

"या घरातून एक बाई गेलीय. लांब. उत्तरेला."

आत्यानं तोंडावर हात घेतला. "माझी भावजय! मॉस्कोला! तीन वर्षं झाली हो, बाबा!"

"तिला यायचंय. रोज रडते ती. पण कुणीतरी तिची परतीची वाट बांधून टाकलीय."

ज्यातलं कुणी ना कुणी रशियात गेलेलं नाही असं कोक-जारमध्ये एक घर दाखवा, तर मी माझी टोपी खाईन. पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येतंय? सिर्गाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि खरं सांगायचं तर ते सुटकेचं होतं. तीन वर्षं ती एकच गोष्ट मनात दाबून बसली होती, की आईला आपल्याकडे यावंसंच वाटत नाही. तसं नव्हतं तर! आईला कुणीतरी अडवून धरलं होतं.

"ही मुलगी कोण? तिची लेक?" तबिबानं बोट रोखलं. "हिनं चाळीस दिवस नदी ओलांडायची नाही. या घरातून आणखी एक बाई बाहेर पडली, की वाट कायमची बंद."

नारीन नदीपलीकडे होतं.

घरी येताच आत्यानं फर्मान काढलं. "तू माझ्याबरोबर कुरणावर येतेयस. परीक्षा पुढच्या वर्षी दे."

"आत्या, पुढच्या वर्षी कोण शिकवणार मला? या वर्षीच कोण आहे?"

"आई हवी की परीक्षा हवी?"

सिर्गा वही घेऊन गोठ्यात जाऊन बसली.

गोठा हीच तिची अभ्यासाची जागा होती. गावातल्या शाळेत रसायनशास्त्राला दोन वर्षं शिक्षक नव्हता. आधी मेरिम बाई शिकवायच्या, त्या नवऱ्यामागे शहरात गेल्या आणि जाताना आपली हातानं लिहिलेली वही सिर्गाला देऊन गेल्या. वर्गातल्या बाकीच्या पोरींची लग्नं ठरली, नाही तर त्या बिश्केकला शिवणकामाला गेल्या. उरली एकटी सिर्गा. अणुक्रमांक, संयुजा, मोल, सगळं ती गाईला मोठ्यानं वाचून दाखवायची. गाय रवंथ करत ऐकायची. चुकलं तर सांगणारं कुणी नव्हतं. आईला ती रोज फोनवर आवाजातला निरोप पाठवायची, "अभ्यास मस्त चाललाय." चार-पाच दिवसांनी आईचं उत्तर यायचं, "शाब्बास." पलीकडे नेहमी कुठलातरी टीव्ही चालू असायचा.

आता परीक्षा नाही म्हटल्यावर वाचायचं कशाला? पण सवय वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढता काढता तिचं तोंड आपोआप चालू झालं. "आम्ल आणि आम्लारी. दर्शक. लिटमस आम्लात लाल, आम्लारीत निळा. फिनॉल्फ्थॅलिन आम्लात रंगहीन, आम्लारीत रास्पबेरीसारखा लाल..."

तिचा हात थांबला. गाईनं मागे वळून पाहिलं.

रास्पबेरीसारखा लाल! हे वाक्य तिनं शंभरदा घोकलं होतं, पण तो रंग जन्मात कधी बघितला नव्हता. शाळेच्या कपाटात रिकाम्या बाटल्याच होत्या. आणि तो रंग काल समोर आला, तेव्हा तिनं त्याला रक्त म्हटलं. मेंढी कापताना वाडगा धरायला ती सहाव्या वर्षापासून उभी राहत होती. रक्त कसं दिसतं ते कोक-जारमधलं शेंबडं पोरही सांगेल. घट्ट, काळपट, कडेनं साकळणारं. वाडग्यातलं ते पाणी निवळशंख गुलाबी-लाल होतं. साठ माणसं उभी होती, आणि एकानंही म्हटलं नाही की अरे, हा रक्ताचा रंग नव्हे.

तिनं धावत जाऊन वही उघडली. समासात मेरिम बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'प्रयोगशाळा नाही म्हणून रडत बसू नका. गोवऱ्यांच्या राखेचं पाणी हे आम्लारी. ऐरानाची निवळी हे आम्ल. दर्शक हवा तर म्हाताऱ्यांच्या डब्यात बद्धकोष्ठाच्या जुन्या गोळ्या शोधा, त्यांत फिनॉल्फ्थॅलिन असतं. कुटून वोडकात विरघळवा.'

आत्याचा औषधांचा डबा म्हणजे संग्रहालयच होतं. मुदत संपलेलं काहीही ती फेकत नसे. गोळ्या सापडल्या. वोडका शेजारच्या असिलकुल आजोबांकडून आणली. "जखम धुवायचीय," असं सांगून. आजोबांना वोडका अशी वाया जाताना बघवेना, पण दिली.

तिनं राखेच्या पाण्यात तीन थेंब टाकले. वाडगा लाल झाला.

आनंदानं नाचावं असा तो क्षण. पण सिर्गानं वाडगा खाली ठेवला. राखेत करणी नव्हती म्हणजे वाटही कुणी बांधली नव्हती. मॉस्कोहून येणारी विमानं रोज येत होती. आईला कुणीही अडवलेलं नव्हतं. वाडगा ओतून टाकावा, वही मिटावी आणि गुपचूप कुरणावर जावं, असंही तिला वाटून गेलं. कुणाला कळणार होतं? पण एकदा कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. तिनं डोळे पुसले आणि धुण्याचा सोडा आणायला सोनुनच्या दुकानाकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. खुंट्याला आता अकरा कोकरं होती.

"बाबा, आमच्या घराचं परत बघाल?" सिर्गा पुढे आली. फडक्यातून गाळलेलं पाणी तिनं वाडग्यात आणलं होतं.

"बघतो की, पोरी! पाईपला काय, पाणी आलं की वाहायचं!" तबिबानं थेंब टाकले. लाल! "बघा! करणी वाढलीय! या चुलीत कुणीतरी..."

"ही चूल नाही, बाबा. हा धुण्याचा सोडा आहे. सोनुनताईच्या दुकानातला. आज सकाळीच पुडा फोडला."

सोनुन उसळली. "अगं बया! माझ्या सोड्यावर करणी? कालच तर आला शहरातून!"

कुणीतरी खुदकन हसलं. तबीब मात्र जुना खेळाडू होता. "शंका घेणाऱ्याच्या हातात सोडाही नासतो!"

"बरं, मग काढा ना करणी. पण ऐरानाची निवळी नको. दूध घ्या, आत्ताच काढलंय." तिनं दुधाचं भांडं पुढे केलं. "पांढऱ्यानं जाते ना? दूध तर निवळीपेक्षा पांढरं."

तबीब निवळीचं भांडं शोधू लागला. सिर्गानं दूध स्वतःच ओतलं. लाल पळालं नाही. पाणी आणि दूध मिळून बाळाच्या गालासारखा गुलाबी रंग झाला. मग तिनं दुसऱ्या वाडग्यात सोड्याचं पाणी घेतलं, स्वतःच्या खिशातली बाटली काढली, तीन थेंब टाकले. लाल! वर सोनुनच्याच दुकानातलं व्हिनेगर ओतलं. लाल गायब.

"व्हिनेगर कुठं पांढरं आहे?" ती म्हणाली. "रंगाचा संबंध नाही. आंबट आहे की नाही, एवढंच. राख आणि सोडा आम्लारी, तिथं हे औषध लाल होतं. निवळी आणि व्हिनेगर आम्ल, तिथं रंग जातो. कुणाच्याही चुलीची राख आणा, लालच होईल. बाबांच्या स्वतःच्या चुलीचीसुद्धा."

"आणि त्या बाटलीत काय आहे गं?" असिलकुल आजोबांनी तबिबाची बाटली उचलून नाकाशी नेली. त्यांचे डोळे चमकले. "सात झरे? हे सातही झरे वोडकाचे आहेत की!"

"वोडकात विरघळलेल्या जुलाबाच्या गोळ्या," सिर्गा म्हणाली. "माझ्या आत्याच्या डब्यात आहेत तशाच."

अंगण असं हसलं की कोकरं बिचकली. "पाईप साफ करायला लागतातच गोळ्या!" असिलकुल आजोबा ओरडले. त्या हशातच तबीब गाडीत बसून निघून गेला. कोकरं मागेच राहिली, आणि कुठलं कोणाचं यावरून संध्याकाळपर्यंत भांडणं चालली. सिर्गाला शाबासकी द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. फसलेल्या माणसाला शहाण्याचं तोंड बघवत नाही.

घरी येताना आत्या दारातच थांबली.

"मग ती का येत नाही?"

प्रश्न रागाचा नव्हता. आत्याही तीन वर्षं वाट बघत होती.

"मला माहीत नाही, आत्या."

"कुणाला माहीत असणार मग?"

"तिलाच. आपण राखेला विचारलं. तिला कधी विचारलंच नाही."

त्याच दुपारी सिर्गानं फोन काढला आणि पहिल्यांदा अभ्यासाबद्दल काही न सांगता म्हटलं, "आई, तू परत येणार आहेस का? खरं सांग."

गाव कुरणावर निघून गेलं. घोडे, तंबू, कुत्री, सगळं. गल्लीत फक्त धूळ उरली. आत्या पाच दिवस मागे थांबली, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी सिर्गाला घोड्यावर मागे बसवून नदीपलीकडच्या सडकेवर सोडून आली. "नीट लिही," एवढंच म्हणाली आणि घोडा डोंगराकडे वळवला.

नारीनच्या शाळेच्या फाटकापाशी फोन वाजला. आईचा आवाजातला निरोप होता. या वेळी मागे टीव्ही नव्हता.

"नाही गं. मी येणार नाही. इथं माझं घर आहे आता. एक लहान बाळ आहे. मला कुणी बांधून ठेवलेलं नाही, सिर्गा. तुला सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून..."

सिर्गानं ते दोनदा ऐकलं. आजूबाजूला मुलं आयांच्या हातचं शेवटचं खाऊन घेत होती. तिच्या छातीत कळ उठली. पण ती कळ कशाची होती ते आता तिला ठाऊक होतं. त्यासाठी कुठल्या शेजाऱ्याला दोष द्यायचा नव्हता, कुठलं कोकरू बांधायचं नव्हतं.

मित्रांनो, खोटा दिलासा आपल्याला खऱ्या दुःखाइतकंच रडवतो, आणि वर कोकरू घेऊन जातो. वाडग्यात काय आहे ते स्वतः बघा. आणि जे विचारायचं आहे ते ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा, उत्तर कितीही कडू असलं तरी.

प्रश्नपत्रिकेत सातवा प्रश्न होता: आम्लारीत फिनॉल्फ्थॅलिनचा रंग कोणता? सगळ्या दालनानं पाठ केलेलं उत्तर लिहिलं. सिर्गानंही तेच लिहिलं. तिनं तो रंग पाहिला होता.