मावशीची फळी

चेअरमननी कागद तिसऱ्यांदा वाचला आणि सेक्रेटरीवर चौथ्यांदा ओरडले, "अरे, पण आणायचा कुठून?"

वखारीच्या दारातच दोघांची जुंपली होती. मी काट्यावर गोणी चढवत होतो आणि ऐकत नसल्यासारखं करत सगळं ऐकत होतो. मी इथला मापाडी. गावच्या सोसायटीची ही कांद्याची वखार. शेतातून कांदा येतो, बायका तो निवडतात, मी मापतो आणि व्यापारी ट्रक भरून घेऊन जातो. छप्पर गळकं आहे आणि मागची भिंत इतकी फुगलीय, की तिच्याजवळ कोणी मोठ्यानं शिंकत नाही. नवी वखार बांधून मिळणार होती, पण वरच्या ऑफिसनं एक अट घातली होती. महिन्याच्या आत सोसायटीच्या नोकरीत एक तरी दिव्यांग माणूस कायम झालेला पाहिजे.

"आपल्या गावात सगळे धडधाकट," चेअरमन म्हणाले. एवढं नशिबात असूनही त्यांच्या तोंडावर सुतक होतं.

"गिरणीवाल्याचं बोट तुटलंय," सेक्रेटरी म्हणाला.

"अर्धं तुटलंय. आणि चालती गिरणी सोडून तो तुझ्याकडं कशाला येईल?"

"मग आमचे सासरे घ्या. त्यांना ऐकू येत नाही."

"तुझं ऐकू येत नाही त्यांना. चहा म्हटलं की बरोबर येतं."

सेक्रेटरीनं मग शेजारच्या गावातून माणूस आणायची कल्पना काढली. तो येईल कसा, राहील कुठं, त्याला देता येईल असं काम कुठलं, यावरून दोघांचा आवाज पुन्हा छपराला लागला.

"जरा हळू बोला की दोघं," आतून मावशी म्हणाली. "मला कांदा ऐकू येईना."

दोघं गुपचूप दोन पावलं बाहेर सरकले. मावशीनं हळू बोला म्हटलं की वखारीत सगळेच हळू बोलतात. एकोणीस वर्षं ती इथं कांदा निवडतेय. ढिगासमोर गोणपाट, त्यावर ती, आणि मांडीसमोर एक हातभर लांबीची लाकडी फळी. बाकीच्या पाच बायका कांदा बघून निवडतात. मावशी तो हातात घेते, त्याच्या मानेला अंगठा लावते आणि फळीवर सोडते. चांगला कांदा भरल्या आवाजात घरंगळतो. आतून गेलेला असला की त्याचा आवाज पोकळ येतो. वरून तो कितीही लालभडक असो, मावशीच्या फळीवर त्याचं बिंग फुटतं. म्हणून तर आमच्या गोण्या व्यापारी फोडून बघत नाही.

आणि तेव्हा मी तोंड उघडलं. नसतं उघडलं तर बरं झालं असतं, असं पुढं तीन आठवडे मला रोज वाटत होतं.

"चेअरमनसाहेब," मी म्हणालो, "मावशीला दिसत नाही की."

दोघं माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आत बघितलं.

"आपल्या मावशीला?" चेअरमन म्हणाले.

"जन्मापासून," आतून मावशीच म्हणाली. "तुम्हाला माहिती नव्हतं होय?"

"माहिती होतं गं. पण ध्यानात नव्हतं."

सेक्रेटरीला निदान हे म्हणायची सोय नव्हती. मला कायम करा म्हणून मावशीनं मागं दोन अर्ज दिले होते. दोन्ही मीच लिहून दिले होते. दोन्ही वेळा सेक्रेटरी म्हणाला होता, दिसत नसलेल्या बाईला कायम कसं करायचं, नियमात बसत नाही. म्हणजे अर्ज आला तेव्हा ती त्याला आंधळी दिसली होती, आणि वरून कागद आल्यावर सबंध गाव हुडकूनही त्याला आंधळं माणूस सापडत नव्हतं.

आठ दिवसांत मावशीच्या हातात कायमचा कागद पडला. चेअरमननी भाषण केलं. सोसायटीनं एका दुर्बळ घटकाला हात दिला, असं ते म्हणाले, आणि ज्या हातांनी एकोणीस वर्षं सोसायटीची लाज राखली ते हात मांडीवर ठेवून मावशी ऐकत बसली. आजवर सगळं गाव तिला अगं-तुगं करायचं. त्या दिवसापासून सेक्रेटरी आणि चेअरमन तिला अहो-जाहो करायला लागले.

"मला काय झालंय म्हणून असं बोलतायत रे हे दोघं?" तिनं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. दारापासून सोळा पावलं चालून खाली वाकली, तर हाताला गोणपाट लागेना. सेक्रेटरी धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला.

"इकडं नाही मावशी, तुमची जागा तिकडं. खुर्ची आणलीय तुम्हाला, गादीची."

खुर्ची दाराशी मांडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी.

"आणि माझी फळी?"

"फळी कशाला आता? ढिगापाशी धूळ असते, कोणी गोणी टाकतं. तुम्हाला काही लागलं तर वरचे साहेब आम्हाला धरतील. तुम्ही फक्त बसायचं."

"बसून काय करायचं?"

"बसायचंच."

फळी कुठं गेली ते मला दिसत होतं. चेअरमनच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली गेली होती. मी मावशीला ते सांगितलं नाही. मला लाज वाटली.

तीन आठवडे मावशी दाराशी बसली. गावातल्या बाया येता-जाता म्हणायच्या, नशीब काढलंस गं बाई, बसून पगार. तिची जाऊही निवडणाऱ्यांतलीच. ती मला म्हणाली, "भाऊजी, घरी पण हिला चैन नाही हो. जेवताना ताटाच्या कडेवर अंगठा दाबत बसते." पहिल्या आठवड्यात मावशी सगळ्यांना हसून उत्तर द्यायची. दुसऱ्या आठवड्यात नुसती मान हलवायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला हाक मारली.

"मापाड्या, मागच्या भिंतीकडं, खालच्या थरात कांदा सडतोय. वास येतोय मला."

मी वास घेतला. मला कांद्याचाच वास आला. तरी मी जाऊन सेक्रेटरीला सांगितलं.

"त्यांना म्हणावं तुम्ही आराम करा," सेक्रेटरी म्हणाला.

ती सलग तीन दिवस सांगत होती. तीन दिवस तिला आराम करायला सांगितलं. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा ट्रक आला, तो रिकामा नव्हता. आमच्याच गोण्या परत आल्या होत्या. व्यापाऱ्यानं एक गोणी चेअरमनच्या पायाशी ओतली. वरचे कांदे टवटवीत, आणि मधोमध काळा लगदा. ओल अशी सुटली, की चेअरमननी चप्पल मागं घेतली.

"एकोणीस वर्षं तुमची गोणी मी डोळे झाकून घेतली," व्यापारी म्हणाला. "आता माझ्या गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकली. पुढच्या आठवड्यात हेच निघालं, तर आपला राम राम."

चेअरमन पाचही बायकांवर खेकसले. जाऊ उठून उभी राहिली. एरवी ती चेअरमनसमोर तोंडावरचा पदर काढून बोलत नाही.

"आम्हाला वरचं दिसतं," ती म्हणाली. "आतलं हिला कळतं. हिला तुम्ही दारात मांडून ठेवली."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशी उठली होती. दारापासून सोळा पावलं चालत ती ढिगाकडं निघाली.

"धरा, धरा त्यांना," सेक्रेटरी म्हणाला.

"हात लावशील तर बघ," मावशी म्हणाली. हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की सेक्रेटरीनं हात खिशात घातला.

ती खाली बसली. गोणपाट नव्हतं, तशीच जमिनीवर बसली. एक हात पुढं केला आणि म्हणाली, "फळी."

मी चेअरमनच्या टेबलाकडं गेलो आणि फळी ओढून काढली. टेबल कलंडलं. त्यावरचे कागद, शिक्के, मावशीला हार घालतानाचा चेअरमनचा फोटो, सगळं खाली आलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"मावशी, अगं पण तो कायमचा कागद..." चेअरमन म्हणाले. तिचं अगं परत आलं होतं.

"कागद राहू दे. मी पण राहते. खुर्ची तेवढी घेऊन जा. नाहीतर तुम्ही बसा तिच्यावर. तुम्हाला जमेल."

पंधरवड्यानं वरचे साहेब पाहणीला आले. तरुण माणूस, हातात भलामोठा फॉर्म. सहा बायका खाली मान घालून निवडत होत्या.

"अंध कर्मचारी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"ही काय," चेअरमन म्हणाले.

"कोणती?"

"तिसरी."

साहेबांनी बराच वेळ बघितलं. "ह्या तर काम करतायत," ते म्हणाले. आपल्याला कोणी फसवतंय असा त्यांचा चेहरा झाला. ते वाकले आणि मावशीच्या तोंडासमोर त्यांनी दोनदा पंजा हलवला. मला संताप आला. मी काटा सोडून पुढं निघालो, पण मावशी आधीच बोलली होती.

"पंखा नको साहेब, पाला उडतो."

साहेब कानापर्यंत लाल झाले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ढिगातला एक मोठा चकचकीत कांदा उचलला आणि मावशीच्या हातावर ठेवला. मानेला अंगठा लागला, कांदा फळीवरून घरंगळला.

"हा गेलाय आतून," मावशी म्हणाली.

जावेनं विळीवर तो चिरला. साहेबांनी आत बघितलं आणि रुमाल काढला. मग ते चक्क जमिनीवर मांडी घालून बसले, पँटची पर्वा न करता, आणि त्यांनी फॉर्म उघडला. माणूस वाईट नव्हता, फॉर्म मोठा होता.

"दिव्यांग असल्यामुळं कामात कोणती अडचण येते?" त्यांनी वाचून विचारलं.

मावशीनं विचार केला. एवढा विचार तिनं कांद्यासाठीही कधी केला नव्हता.

"लोक फार मोठ्यानं बोलतात," ती म्हणाली.

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी नवी वखार मंजूर झाली. मंजुरीच्या कागदाबरोबर एक पत्र्याची पाटीही आली, दर्शनी भागात लावणे बंधनकारक. चेअरमन स्वतः पाटी लावून घ्यायला उभे राहिले. सेक्रेटरी शिडीवर होता. चेअरमन एवढी वर्षं वखारीत ओरडलेत, पण त्या दिवशी त्यांनी कमाल केली. "डावीकडं घे. अरे डावीकडं, तुझ्या नाही, माझ्या. आता वर. कळत नाही का? ठोक, जोरात ठोक." सेक्रेटरी वरून तितक्याच मोठ्यानं उत्तरं देत होता आणि प्रत्येक घावाला जुनी भिंत दणकत होती.

मावशीनं हातातला कांदा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसली. निम्मा दिवस ती तशीच बसून होती.

"मापाड्या," शेवटी ती म्हणाली, "काय लिहिलंय रे त्या पाटीवर?"

मी वाचलं. "इथे दिव्यांग कर्मचारी काम करतात. कृपया शांतता राखा."

"छान लिहिलंय," मावशी म्हणाली. "चेअरमनला वाचून दाखव."