नवानं भाग गेला

आमच्या हिशेब खात्यात एक जुनी रीत होती. टेबलाच्या अल्याड मी, पल्याड नऊकाका. ते कागदावरून आकडे मोठ्यानं वाचायचे आणि मी माझ्या यादीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. संगणक सगळं आपोआप जुळवतो म्हणतात. पण त्यात आकडे घालणारी माणसंच ना, आणि वर्षअखेरीला माणसं अर्धी झोपेत असतात. म्हणून वाचायचं.

नऊकाका हे नाव आम्हीच ठेवलेलं. ताळा जुळला नाही की ते म्हणायचे, "फरकाला नवानं भाग घालून बघ. गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. त्रेसष्टचे छत्तीस." आणि भाग गेला की घरात लग्न ठरल्यासारखे खूश व्हायचे.

यंदा त्रेसष्टचे छत्तीस तेच वाचायला लागले. खात्यातली दोन माणसं सोडून गेली होती, जागा भरल्या नव्हत्या, आणि त्यांचं सगळं काम आमच्या दोघांच्या डोक्यावर. साहेब म्हणायचे, "एवढे दिवस काढा." त्यांचे 'एवढे दिवस' काही संपत नव्हते. काका चुकले की मी हळूच त्यांचा कागद ओढून स्वतः बघायची. त्यांना ते कळायचं.

अशात वरून हुकूम आला की कर्मचाऱ्यांचं मन जपा. तेही ऐन ताळेबंदाच्या आठवड्यात! बैठकीच्या खोलीत एक समुपदेशक बाई आल्या. डोळे मिटा, खोल श्वास घ्या. मी डोळे मिटले आणि चक्क झोपले. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा बाई विचारत होत्या, "कुणाला मोकळं बोलायचंय? इथलं बोलणं इथंच राहील." साहेब मागच्याच खुर्चीत बसलेले. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

नऊकाकांनी हात वर केला.

"मला आकडे उलटे दिसतात," ते म्हणाले. "झोप येत नाही. आलीच तर स्वप्नातही वाचतच असतो. भीती वाटते हो. माझी चूक एक दिवस या पोरीच्या अंगावर येईल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी उठून पाठ थोपटली. माझे डोळे भरून आले. वाटलं, चला, आता तरी एक माणूस जास्तीचा मिळेल.

दुसऱ्या दिवशी काकांना सक्तीची रजा मिळाली.

"रजा नको साहेब," काका अक्षरशः हात जोडून म्हणाले. "मदतीला कुणी द्या. नाहीतर थोडं काम कमी करा. घरी माणूस नाही माझ्या. भिंतींना वाचून दाखवू का?"

"काका, आकडे उलटे दिसतात हे तुम्हीच सगळ्यांदेखत सांगितलंत," साहेब म्हणाले. "आता कळल्यावर मी तुम्हाला कागदाला हात लावू दिला, तर उद्या तपासणीत माझी मान अडकेल. तब्येत आधी."

साहेब खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. कुणावर चिडायचं तेच कळेना.

तरी सकाळी काका डबा घेऊन आलेच. दारावर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मी आतून काचेपाशी गेले. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, वरून नाव आलंय, मी काय करू?" मी साहेबांकडे धावले. तेही म्हणाले, "मी तरी काय करू?" परत आले तेव्हा काचेतून काका म्हणाले, "दोनच पानं वाचून जातो गं." मी नाही अशी मान हलवली. डबा छातीशी धरून ते जिना उतरून गेले.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. आता वाचणारी मी आणि खूण करणारीही मीच. मोठ्यानं वाचते, तर शेजारच्या टेबलावरचे हसतात. शिवाय स्वतःचं तोंड चुकलं तर स्वतःचा कान कधी तक्रार करत नाही. ताळ्यात फरक आला. नवानं भाग घातला. गेला. शोधत शोधत उलटा आकडा सापडला, तो मीच घातलेला. दुरुस्त केला. दोन दिवसांनी पुन्हा फरक, पुन्हा नवानं भाग गेला. खूश व्हायला समोर कुणी नव्हतं.

काकांची रजा वाढवल्याचं कळलं, त्याच दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. तीच खोली, तोच खोल श्वास. या वेळी मला झोप लागली नाही. साहेब मागच्या खुर्चीतून मायेनं बघत होते, आणि ती माया खरी होती.

"कुणाला मोकळं बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

खोलीत अळीमिळी गुपचिळी. माझा हात आपसूक उचलला जाईल की काय, अशी धास्ती वाटली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून बसले.

"छान! म्हणजे सगळे ठीक आहात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या कागदावर बरोबरची खूण केली.