उंबराखालची हाडांची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या झाकणावर हळदीचा एक डाग आहे. रंग उडाला, कडा गंजल्या, पण तो डाग गेला नाही. मित्रांनो, तो कसा पडला हे तुम्हांला सांगावे, म्हणून मी आज बोलत आहे.

माझा जन्म ठाण्यातील एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने पत्रा मापात कापला, कडा दुमडून त्यांत तार घातली, कोपऱ्यांना रिबिटा ठोकल्या आणि वरून हिरवा रंग दिला. माझ्याबरोबरच्या पेट्यांच्या वाट्याला लुगडी आणि शालू आले. माझ्या वाट्याला माणसाची हाडे आली. चंद्रशेखर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने मला विकत घेतले आणि माझ्यात हाडांचा अर्धा संच ठेवला. एक कवटी, मणके, बरगड्या आणि एकाच बाजूचा हात व पाय. एक बाजू नीट समजली की दुसरी तिच्यावरून समजते, म्हणून तेवढाच संच पुरतो. पावलाची लहान हाडे तारेत ओवलेली होती. वसतिगृहातील मुले मला थट्टेने ‘प्रोफेसर’ म्हणत. ती माझी मानाची वर्षे होती.

पुढे चंद्रशेखर डॉक्टर झाले आणि नेरूळला त्यांनी दवाखाना काढला. मी पोटमाळ्यावर गेले. तेथे कोणी माझी धूळ पुसली नाही, कडीला तेल दिले नाही.

त्या दवाखान्यात जयमाला नावाची बाई रक्त-लघवी तपासण्याचे काम करी. ती शेजारच्या करावे गावची. वडील लवकर गेले, तेव्हा तिने शिक्षण सोडून धाकट्या भावंडांना वाढवले. भाऊ वेगळे राहू लागले, आणि तिशी ओलांडल्यावर तिने नोकरी सांभाळून बारावीची परीक्षा पुन्हा दिली. हे १९९५ साल होते. गुणांच्या जोरावर तिला दोन वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता. एक खासगी महाविद्यालय नवी मुंबईतच होते. घरून जाता-येता आले असते. दुसरे सरकारी होते, दूर मराठवाड्यात. तेथे वसतिगृहात राहावे लागणार होते. ठरलेल्या दिवशी स्वतः हजर राहून एक जागा घ्यायची आणि दुसरी सोडायची, असा नियम होता.

“कुठेही जा, पण हा प्रोफेसर बरोबर ने,” असे म्हणून डॉक्टरांनी मला तिच्या स्वाधीन केले.

जयमालाची आई केशरबाई खाडीतील मासळी विकून म्हातारी झाली होती. मधुमेहाने तिच्या पायांची जाणीव गेली होती आणि उजव्या तळव्याला जखम होती. जयमाला रोज ती धुऊन पट्टी बांधी. दूर जावे की जवळ राहावे, हा प्रश्न खरे तर त्या पट्टीचा होता.

मला पाहून केशरबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“काय हाय त्यान?”

“हाडं आहेत, आये. अभ्यासाची.”

“मानसाची? घरान नाय आनायची. तुजा बाप गेला तवा त्याची हाडं तरी घरान घेतली होती का?”

ते खरे होते. चितेवरून वेचलेल्या अस्थी घरात आणत नाहीत. फडक्यात बांधून बाहेर झाडाला टांगतात आणि मग पाण्यात सोडतात. म्हणून मला अंगणाच्या कडेला, उंबराच्या झाडाखाली, दोन विटांवर ठेवले गेले. जयमाला तेथेच पाट टाकून बसे आणि एकेक हाड हातात घेऊन पुस्तक वाची.

शेजारीण बायजाबाई कुंपणावरून म्हणे, “जयू, डोकीन पांढरे केस नि हातान पुस्तक! तू दागतर होशील तवा आमी सगल्या वर गेलेल्या असू.”

“तुमच्यासाठीच घाई करतेय, मावशी,” जयमाला म्हणे. बायजाबाई खदखदून हसे. केशरबाई मात्र हसत नसे. ती दारात बसून माझ्याकडे एकटक पाही.

जयमालाची कामाची रीत चोख होती. तिने दोन्ही महाविद्यालये डोळ्यांनी पाहायचे ठरवले. जवळच्या इमारतीत नव्या भिंती आणि रिकाम्या खाटा होत्या. मग आईला बायजाबाईवर सोपवून ती मराठवाड्यात गेली.

ती गेली त्याच दिवशी केशरबाईने माझे झाकण उघडले. बायजाबाई दूर उभी राहिली. केशरबाईने मात्र न भिता कवटीवरून हात फिरवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवतात.

“कोनाचा असंल गं हा? याला कोनी पानी दिला नाय. याचा जीव अडकलाय, नि यानंच माजी पोर बांधून ठेवलीय. हिकडं की तिकडं, तिला सुचत नाय.”

मग तिने माझ्यातला हाडांचा पाय उचलला आणि ती दचकली. “अगो, एकच पाय हाय याला! एका पायानं कसा जाईल हा?”

तिने हाडे नव्या फडक्यात बांधली, त्यांच्या जागी माझ्यात एक नारळ ठेवला आणि माझ्या झाकणावर हळद वाहिली. ओहोटी लागताच ती खाडीकडे निघाली. ओहोटीचे पाणी बाहेर नेते, आणि असे काम अनवाणी करायचे असते. म्हणून तिने पट्टी सोडून ठेवली. काठच्या चिखलात कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कपच्या होत्या. पायाला जाणीव असती, तर ती पहिल्याच पावलाला परत फिरली असती. पुढचे दोन दिवस तिने बायजाबाईलाही पायाला हात लावू दिला नाही.

जयमाला परतली ती ठरवूनच. “आये, तिकडंच जाते मी. नुसती गर्दी आहे पेशंटची. तिथं शिकायला मिळेल. तुझ्या पट्टीला बायजामावशी तयार आहे.”

केशरबाईचा चेहरा उजळला. “सुटलीस गो पोरी! त्याला मी खाडीन सोडला. आता जा तू.”

जयमालाने मला उघडले. आत फक्त एक नारळ होता. ती रागावून वळली, आणि तिची नजर आईच्या पायाकडे गेली. चिखल वाळला होता. त्याखाली पाय काळानिळा पडून टम्म सुजला होता.

जागा निवडण्याच्या दिवशी जयमाला सरकारी रुग्णालयात आईच्या उशाशी होती. भाऊ पोहोचायच्या आत शस्त्रक्रियेच्या कागदावर सही तिलाच करावी लागली. गुडघ्याखाली पाय कापला गेला. मराठवाड्यातील जागा यादीतील पुढच्याला मिळाली. उरलेल्या जागांच्या फेरीत जवळचे महाविद्यालय तिच्या हाती लागले. ते तिने घेतले, आणि कोणी विचारले तर म्हणे, “बरंच झालं. घराजवळ आहे.”

हाडे गेल्यामुळे मला आता घरात प्रवेश मिळाला. मी केशरबाईच्या खाटेखाली असते. माझ्यात कापूस आणि पट्ट्या असतात. जयमाला हाडांचा अभ्यास वर्गातच संपवून येते.

एका संध्याकाळी केशरबाईने विचारले, “जयमाले, माजा पाय त्यांनी कुठं टाकला?”

जयमालाने गरम पाण्याचे भांडे खाली ठेवले.

“त्या परक्या मानसाला मी खाडीन सोडला. माजा पाय कोनी सोडला गं?”

कापलेले अवयव रुग्णालयाच्या भट्टीत जाळतात, हे जयमालाला ठाऊक होते. तिने मला ओढून कापूस काढला आणि आईचा उरलेला पाय मांडीवर घेतला.

मित्रांनो, या घरात दोघी होत्या आणि दोघींना एकमेकींचे भलेच हवे होते. ती हाडे कशासाठी आहेत, हे एकीने नीट समजावून दिले नाही. आपण काय करणार आहोत, हे दुसरीने सांगितले नाही. तुमच्या घरच्या पेट्यांना वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि वडीलधाऱ्यांचे पाय रोज पाहत जा, त्यांनी काही सांगितले नाही तरी. गंजताना मलाही काही दुखले नव्हते.