साडेएकतीसचं एकतीस

मी एक जोडणी बोलतेय, दोन सॉफ्टवेअरना सांधणारी. मला कोणाला हात लावून बघता येत नाही, पण कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात माझ्यावाचून पान हलत नाही. मापवाल्या ताई मोबाईलच्या ॲपमध्ये माप भरतात. कारखान्याच्या मोठ्या सॉफ्टवेअरला त्या ॲपची भाषा कळत नाही. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं करून पोचवायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला लिहिलं एका प्रोग्रामरने, घाईत. मोठं सॉफ्टवेअर मापाच्या रकान्यात फक्त पूर्ण आकडे घ्यायचं. अपूर्णांक दिसला की ऑर्डर परत. "पॉइंटच्या पुढचं कापून टाकू, नंतर बघू," तो म्हणाला. ते 'नंतर' चार वर्षं आलं नाही.

मी कापत राहिले. काम अडलं तर मी लाल खूण दाखवते. इथे काहीच अडत नव्हतं.

मग एक शिंपीणबाई आल्या. त्यांचा डावा पाय आजारपणात गुडघ्याखाली काढावा लागला होता. नवा पाय लावून आठवडाभर शिवणयंत्र चालवलं आणि जखम झाली. कारखान्याचे साहेब मापवाल्या ताईंना म्हणाले, "ही तिसरी तक्रार, ताई. उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा."

उत्तर शिंपीणबाईंनीच दिलं, "यांनी पायाचा घेर मोजायला टेप लावला तेव्हा मी स्वतः वाचलंय. साडेएकतीस. चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून काढलीत मी."

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "इथे एकतीस आहे."

"मग मधे कोणीतरी कापलंय."

मधे मीच होते.

प्रोग्रामरला बोलावलं. त्याने ताईंचा मोबाईल स्क्रीनशेजारी धरला आणि दोन्ही आकडे ताडून पाहिले. मोठ्या सॉफ्टवेअरला त्याने हातही लावला नाही. सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर पाठवायला मला शिकवलं आणि पाय बनवणाऱ्यांना तसं कळवलं. साडेएकतीसचे झाले तीनशे पंधरा, पूर्ण आकडा. वीस मिनिटांचं काम.

"चुकलं माझं," साहेब ताईंना म्हणाले.

"माझं राहू द्या. बाकीच्यांना फोन करायला हवेत."

यादी ताईंनीच काढली. मी दोनशे अकरा मापं कापली होती. फोनवर बहुतेकांनी एकच सांगितलं, "खोटा पाय टोचणारच, असं वाटलं." एका निवृत्त मास्तरांनी तर तो पलंगाखाली सारला होता. दीड वर्षं ते जिना उतरले नव्हते.

कारखाना आता नवं सॉफ्टवेअर घेतोय. शुक्रवारी मला बंद करतील. त्याचं मला सुखदुःख नाही. माझ्या जागी जी येईल तिला एवढं शिकवा, की जे मावत नाही ते गुपचूप कापू नये, अडून बसावं.

मास्तरांचं नवं माप मी काल पाठवलं. पाय तयार झाल्यावर ते जिना उतरले का, हे मला कळायचं नाही. तेवढं कोणीतरी त्यांना विचारा.